डावा पंख

आमच्या ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या विमानांचे नट आवळले. होते फौजेत, पण बंदूक खांद्यावर घेतली ती परेडपुरती. बाकी तीस वर्षं विमानाच्या पोटाखाली पाठीवर पडून, तोंडात बॅटरी धरून काढली. वर जायचा तो साहेब आणि खाली तेल पुसायचं ते ह्यांनी. रिटायर होऊन काकतीजवळच्या गावी आले तेव्हा मी म्हटलं, सुटले बाई. आता चार माणसांसारखे शेतावर जातील, भावांशी बांधावरून भांडतील, संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसून सगळ्या जगाला नावं ठेवतील. नवऱ्यानं म्हातारपणी करायचं असतं ते हेच.

ह्यांनी विमान मागवलं.

तयार नव्हे, सुटं. परदेशातून चार लाकडी खोकी आली. त्यात नळ्या, पत्रे, तारा, कापडाचा गठ्ठा, रंगाचे डबे, आणि उशाला घेऊन झोपता येईल एवढं जाड पुस्तक. ते वाचायचं आणि आपलं आपण विमान जोडायचं. शिवाय ते एका माणसाचं. दुसरी सीटच नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झालेली बायको समोर उभी, आणि हा माणूस मागवतो काय, तर एका सीटचं विमान. मी विचारलं, माझं काय? तर म्हणाले, तू भितेस. हे ह्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. मला तर कधी विचारलं नव्हतं.

घरात जागा नव्हती म्हणून खोकी गेली निपाणीला. माझ्या नणंदेच्या सासरची तिथं तंबाखूची वखार आहे. धंदा मागेच बसला होता, वखार रिकामी पडली होती. पण तंबाखू गेली तरी तिचा वास जात नाही. भिंतीत, वाशांत, जमिनीत बारीक भुकटी मुरलेली. आत पाऊल टाकलं की सात-आठ शिंका ठरलेल्या. एक मात्र खरं, त्या वखारीत उंदीर, झुरळ, वाळवी काही फिरकत नसे. आक्का, म्हणजे माझी नणंद, म्हणायची, तंबाखूजवळ माणूसच तेवढा जातो, कारण अक्कल नसलेला जीव तोच एक.

आठवड्यातून चार दिवस आम्ही काकतीच्या स्टॉपवर बस धरायचो आणि निपाणीला उतरायचो. मी कशाला जात होते? एकटा असला की हा माणूस जेवायचं विसरतो. आणि खरं सांगायचं तर घरी शिव्या घालायला समोर कुणी नसायचं.

कामाची रीत बघाल तर तुमचं डोकं उठेल. एक रिव्हेट ठोकायचा तर आधी चष्मा पुसायचा, मग पुस्तकाचं पान काढायचं, ते दोनदा वाचायचं, रिव्हेट मापायचा, ठोकायचा, आणि मग वहीत लिहायचं. ती वही तर माझ्या डोक्यात जायची. लाल कापडाच्या बांधणीची. रोज काय केलं, कुणी केलं, काय चुकलं, सगळं तिच्यात. बोल्ट उलटा बसला तरी लिहायचे, ‘माझ्याकडून उलटा बसला, काढून परत बसवला.’ अहो, बघतंय कोण? मी म्हणायची, एवढी कबुली तर माणूस पोलीस ठाण्यात मार खाऊनही देत नाही. त्यावर ह्यांचं एकच ठरलेलं.

“विमानाच्या वहीत खोटं लिवलं की माणूस मरतो.”

तीस वर्षांत एक ओळ खोटी लिहिली नाही म्हणे. मला त्यात थोर काही वाटलं नाही. ज्याला खोटं जमतच नाही, त्यानं खरं लिहिलं तर त्यात कसलं कौतुक?

बातमी निपाणीभर झाली आणि बघे सुरू झाले. एकेक नमुना. एकानं शेपटीला हात लावून विचारलं, अ‍ॅव्हरेज किती देतं? दुसऱ्याला हायवेचा टोल वाचेल का ते हवं होतं. एक जण भावाच्या लग्नात नवरदेव ह्यातून आणायचा म्हणून बोलणी करायला आला. सीट एकच आहे म्हटल्यावर क्षणभर विचार करून म्हणाला, मग नवरदेवालाच चालवायला शिकवा. आणि एक नगरसेवक. पांढरे कपडे, मागे चार कार्यकर्ते. त्याला जयंतीच्या मिरवणुकीवर विमानातून फुलं उधळायची होती. फुलांची पोती कुठं बांधता येतील ते तो ह्यांना दाखवत होता. ह्यांना! आणि हे शांतपणे त्याला वजनाचं गणित समजावत होते. मी सगळ्यांना चहा दिला आणि पाठ फिरल्यावर एकेकाचा उद्धार केला.

ह्यांना काय हवं होतं ते सांगून टाकते. पेपरात फोटो नको होता, जयंती नको होती. आपण जोडलेलं विमान एकदा आपण चालवायचं, बास. त्यासाठी रिटायर झाल्यावर दोन महिने म्हैसूरकडं राहून चालवायला शिकून आले होते, पण तेव्हा शेजारी शिकवणारा बसलेला. एकट्यानं, आपल्या विमानात, एकदा. तीस वर्षं खालून वर बघितलेला माणूस, त्याला एकदा वरून खाली बघायचं होतं. आणि उडायला डॉक्टरचा दाखला लागतो, दर वर्षी नवा. पहिल्या वर्षी डॉक्टरनं हसत सही केली. दुसऱ्या वर्षी हृदयाच्या ठोक्यांची कागदी पट्टी बराच वेळ हातात धरून बसला. म्हणजे वेळ थोडा होता, हे मलाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच त्या रिव्हेटमागे दोनदा पान वाचण्याचा मला जास्त संताप यायचा.

सांगाडा उभा राहिला आणि कापडाची वेळ आली. विमानाचे पंख कापडाचे असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी वडगावच्या मागवाल्यांच्या घरची. माझ्या बापानं, आज्यानं साड्या विणल्या. मी चालायच्या आधी सुताची कांडी भरायला शिकले, असं आमच्यात म्हणतात. ते परदेशी कापड हातात घेतलं आणि मला हसूच आलं. ना पोत, ना अंग. लुळं, गुळगुळीत. आमच्याकडं असलं कापड कुणी पुसायलाही घेतलं नसतं. हे म्हणाले, त्याला इस्त्री केली की आवळतं, मग रंगाचा पहिला हात कापडात मुरला पाहिजे, सगळं त्यावरच आहे. पुस्तकात इस्त्री किती गरम करायची त्याला चार पानं होती. स्वतःच्या शर्टाला आयुष्यात इस्त्री न केलेला माणूस मला इस्त्री समजावत होता!

डाव्या पंखाला कापड आम्ही दोघांनी धरलं. मी ताणायची, हे कडा चिकटवायचे. दुसऱ्या दिवशी इस्त्री करायची होती, पण त्या दिवशी ह्यांना बेळगावला दवाखान्यात जायचं होतं. जाताना सांगून गेले, परवा येऊन करू, तोवर हात लावू नगं.

मी एकटीच निपाणीला गेले. ते कापड सांगाड्यावर ढिलं लोंबत होतं, मला बघवेना. आमच्या घरात खळ न देता कापड कुणी पुढं सरकवत नसे. खळ दिली की सूत ताठ होतं, तुटत नाही, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवायची गरज नव्हती. आक्काच्या चुलीवर चिंचोके उकडले, वाटले, पातळ खळ केली, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळली आणि सबंध पंखावर वरून-खालून हलक्या हातानं फिरवली. वाळली तेव्हा डाग नाही, ओघळ नाही. माझ्या आईनं सुद्धा नाव ठेवलं नसतं. ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आधी पुस्तक उघडलं असतं.

परवा ह्यांनी इस्त्री फिरवली आणि कापड ढोलकीसारखं आवळलं. बोटानं टिचकी मारून बघितली आणि हसले. हा माणूस वर्षातून एखाद्या वेळी हसतो. वहीत लिहिलं, ‘डाव्या पंखाचं कापड सौ.नं धरलं. उत्तम.’ मी मनात म्हटलं, ह्या ‘उत्तम’मध्ये चिंचोके किती आहेत ते तुम्हाला काय ठाऊक.

उजवा पंख मी नसताना झाला. भाचीच्या लग्नाला मी वडगावला आठ दिवस राहिले, तेवढ्यात ह्यांनी एकट्यानं पुस्तकाबरहुकूम केला. आता काही बिघडलं तर तोच बिघडणार, हे मी धरूनच चालले होते.

बिघडला डावा. इंजिन बसलं, पंखा फिरला, चाचणीला वखारीच्या दारात विमान बांधून अर्धा तास चालवलं, आणि डाव्या पंखावरचा रंग फुगला. हातानं ओढला तर उन्हात भाजलेल्या पाठीचं कातडं निघावं तसा लांब पापुद्रा निघाला. उजवा ठणठणीत. ह्यांनी दोन दिवस त्या पंखाशेजारी स्टूल टाकून नुसतं बघत काढले. मग म्हणाले, दारातून ओल येते, डावी बाजू दाराकडं आहे. सगळा रंग खरवडून काढला, विमान फिरवून डावी बाजू आत घेतली, पुन्हा रंग दिला. पावसाळ्यात हे काम होत नाही, ओल्या हवेत रंग पांढरा पडतो. म्हणजे एक चूक झाली की एक वर्ष गेलं.

पुढच्या वर्षी पुन्हा डावा. आता दोष तंबाखूचा ठरला. वखारीला आतून प्लास्टिक लावलं, जमीन तीनदा धुतली, शिंकत शिंकत वासे पुसले. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. ह्यांनी पुन्हा खरवडला, पुन्हा दिला. खरवडताना रंग तेवढा निघायचा, कापडातली खळ तिथंच राहायची. पण हे आता कळतंय.

तिसऱ्या वर्षी पंखाच्या टोकाला पुन्हा फुगवटा दिसला, तेव्हा ह्यांनी ब्रश खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढं धरून बघितले. म्हणाले, माझाच हात थरथरतोय, थर सारखा बसत न्हाय. त्या वेळी मी जे बोलले ते इथं लिहिते, कारण ह्यांच्या वहीत ते नसलं तरी माझीही एक वही असायला पाहिजे.

मी म्हटलं, “तुमच्या हातानं भाकरीचं पीठ मळायचं न्हाय, आणि म्हणं विमान. जन्मभर पुसायचंच काम केलं, ते तेवढंच जमतंय.”

हे उठले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

त्याच महिन्यात डॉक्टरनं दाखल्यावर संक्रांतीपर्यंतची तारीख घातली आणि सांगितलं, आजोबा, पुढच्या वेळी येऊ नका, मी सही करणार नाही. ह्यांनी तो कागद वहीत ठेवला. दिवाळीनंतर विमान तपासायला सरकारी साहेब येणार होता. त्यानं पास केलं की उडायचं. फुगवटा टोकालाच होता, तो ह्यांनी रात्रंदिवस खपून सारखा केला. दिवाळीच्या आधी पंख सुटे करून टेम्पोनं सगळं निपाणीबाहेरच्या माळावर नेलं. तिथं पत्र्याची शेड होती, एका बाजूला मोकळा माळ, दुसऱ्या बाजूला उसाचं रान.

साहेब यायच्या दिवशी सकाळी आम्ही शेड उघडली. डाव्या पंखाची चाळण झाली होती. उंदीर. कापड कुरतडून, रंगाच्या खपल्या बाजूला सारून, खालची चिंधी चावून चावून खाल्ली होती. उजव्या पंखावरून गेले होते, लेंड्या पडल्या होत्या, पण दात कुठं लागला नव्हता. हे शिडी घेऊन आत-बाहेर करत म्हणत होते, डावाच कसा? पुन्हा डावाच कसा?

मला मात्र कळलं. उंदीर असलं परदेशी, प्लास्टिकच्या धाग्याचं कापड खात नाही. उंदीर खळ खातो. आमच्या वडगावच्या घरात खळ दिलेल्या सुताचा ताणा रात्री टांगून ठेवत, नाहीतर सकाळी अर्धा गायब. सहा वर्षांची असताना मी काठी घेऊन त्या ताण्याखाली राखण बसत होते. आणि इथं दात कुठं कुठं लागलेत ते बघितलं तर माझ्या फडक्याची फेर न् फेर दिसत होती. जिथं हात जड पडला होता तिथं भोक मोठं. रंग त्या कापडाला कधी लागलाच नव्हता, तो माझ्या खळीवर बसला होता. तीन वर्षं हा माणूस माझ्या खळीवरचा रंग खरवडत होता, आणि मी त्याच्या हाताला नावं ठेवत होते.

मी म्हटलं, “अहो, त्या पंखाला मी खळ लावलीती. चिंचोक्याची. तुम्ही दवाखान्यात गेलता तवा.”

हे शिडीवरून उतरले. कुरतडलेल्या कडेवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग शेडच्या बाहेर जाऊन उसाकडं तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. चाळीस वर्षांचं एकदम बोलतील. मी तयार होते. खरं तर मला ते हवंच होतं.

तेवढ्यात साहेबाची गाडी आली.

साहेब तरुण होता, आमच्या मुलापेक्षा लहान. त्यानं पंख बघितला, वही मागितली, तीन वर्षांचे रंगाचे उद्योग वाचले आणि विचारलं, रंग सुटायचं कारण काय? हे म्हणाले, ओल्या हवेत काम केलं, माझी चूक. साहेबानं ते वहीत लिहायला लावलं. मग असं काही सुनावलं ह्यांना, की शाळेतल्या मास्तरनं सुद्धा असं बोलू नये. तीस वर्षं विमानात घालवली म्हणता आणि ओल्या हवेत रंग देऊ नये एवढं कळत नाही? असली माणसं विमानं सांभाळत होती? हे हात मागे बांधून, मान खाली घालून ऐकत होते.

मी चार पावलांवर स्टोव्ह पेटवून चहा करत होते. बसमधल्या कंडक्टरला, नगरसेवकाला, दिराला, ह्यांना, कुणालाही मी कधी सोडलं नाही. माझ्या तोंडाला सगळं गाव भितं. आयुष्यात एकदाच हे तोंड खरं बोलायला उघडायचं होतं आणि मला चहात साखर किती घालायची ते कळेना. चहा झाला, साहेबाला दिला, त्यानं घेतला, छान झालाय म्हणाला. डाव्या पंखाचं कापड सगळं काढून नवं लावा, मग बोलवा, असं सांगून गेला. नवं कापड परदेशातून यायचं, लागायचं, तपासायचं. संक्रांत त्याच्या कितीतरी आधी.

परतीच्या बसमध्ये मी वही उघडली. नव्या पानावर ह्यांच्या अक्षरात होतं, ‘डाव्या पंखाचं काम माझ्याकडून ओल्या हवेत झालं, त्यामुळे रंग सुटला.’ मागं चाळलं तर ते जुनं पान तसंच होतं. ‘सौ.नं धरलं. उत्तम.’ खोडलं नव्हतं.

मी विचारलं, वहीत खोटं लिवलं की माणूस मरतो म्हणत होता ना?

हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “ते कापड तर सगळं काढायचंच हाय. आणि मी काय आता उडत न्हाय. मग मरंल कोण?”

होळी झाली, मग नवं कापड लागलं. ह्यांनी मला बोलावलं, म्हणाले, धर, तुझ्यासारखं कुणाला ताणता येत न्हाय. मी धरलं, आणि खळ सोडाच, हातालाही पाणी लावलं नाही. साहेबानं पास केलं. म्हैसूरकडचा शिकवणारा मुद्दाम आला आणि विमानात बसला. हे पंखाचं टोक धरून त्याच्याबरोबर वीसेक पावलं चालले, मग हात सोडला. विमान उसावरून वळलं, दोन फेऱ्या मारून उतरलं. ह्यांनी आधी जाऊन डाव्या पंखावर हात फिरवला, आणि मग त्या माणसाला विचारलं, वरून दिसतं कसं? तो म्हणाला, माळ दिसतो, हायवे दिसतो, वखारींची कौलं दिसतात. हे लहान मुलासारखे ऐकत होते. अजून काय, अजून काय, म्हणत होते.

निम्मी निपाणी माळावर आली होती. तो नगरसेवकही, पांढऱ्या कपड्यांत. त्यानं ह्यांच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, काय आजोबा, विमान तुमचं आणि चालवतोय दुसराच, तुम्ही का न्हाय बसला?

हे हसले. म्हणाले, “मला भ्या वाटतंय हो.”

सगळा माळ हसला. मी तिथंच स्टोव्हपाशी चहा गाळत होते. तेव्हाही मी काही बोलले नाही.